पर्यावरण पुनर्स्थापना सल्लागार समितीवर सागरी शास्त्रज्ञ नेमताना काय पाहावं?

"सागरी शास्त्रज्ञ" हा शब्द फार मोठा आहे. आधी काम ठरवा, मग माणूस शोधा. खाडीत खारफुटी परत आणायची असेल तर प्रवाळाचा नामांकित अभ्यासक फारसा उपयोगी पडत नाही. तिथे भरती-ओहोटी, गाळ आणि क्षारता कळणारा हवा.

मुलाखतीत जागेचा समोच्च रेषांचा (जमिनीची उंची दाखवणारा) नकाशा आणि भरतीचं वेळापत्रक समोर ठेवून विचारा, "रोपं कुठे लावाल?" खारफुटी साधारणपणे सरासरी समुद्रपातळीच्या वर, उधाणाच्या भरतीरेषेपर्यंत जगते. त्याखालच्या उघड्या चिखलात रोपं फार वेळ पाण्यात राहून मरतात. लागवड फसण्याचं हे नेहमीचं कारण. खरा जाणकार आधी विचारेल की इथली खारफुटी गेली कशानं, पाणी कुठे अडलंय? बांध फोडून किंवा मोरी रुंद करून प्रवाह मोकळा केला आणि जवळपास जुनी झाडं असली, तर बऱ्याचदा बिया वाहत येऊन आपोआप रुजतात.

नेमणूकपत्रात मुदत, मानधन, प्रवासखर्च आणि कच्ची आकडेवारी मिळण्याचा हक्क लिहा. हितसंबंध लेखी घ्या: सर्वेक्षणाचं कंत्राट त्यांच्याच संस्थेकडे असेल तर त्या विषयावर त्यांनी मत देऊ नये. आणि हे सगळं आराखडा मंजूर होण्याआधी करा. नंतर लागवडीची जागा बदलणं फार अवघड जातं.