राय म्हणजे राजा नव्हे

रायबाग तालुक्यातल्या एका विज्ञान शिक्षिकेनं विचारलंय: ‘तो रायबोसोम म्हणायचं की ते रायबोसोम? आणि शिकवणीत सांगतात तसं राय म्हणजे राजा, म्हणून पेशीतला राजा तो रायबोसोम, हे बरोबर का?’

बाई, साफ चूक. रायबोसोम म्हणजे पेशीत प्रथिनं जोडणारा बारीक कण. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडे हेच कानावर येतं, आणि पाठ करायला सोपं म्हणून पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं. राय म्हणजे राजा हे रायगडापुरतं. ‘सोम’सुद्धा चंद्राचा नाही नि यज्ञातला तर नाहीच, तो ग्रीक ‘सोमा’, म्हणजे शरीर, क्रोमोसोममधलाच (क्रोमोसोम म्हणजे गुणसूत्र). शब्द १९५८ सालचा, शास्त्रज्ञ रिचर्ड रॉबर्ट्स यांनी छापील लेखनात आणलेला.

खरी मौज ‘रायबो’मध्ये आहे. तो आला रायबोज या साखरेवरून, आणि रायबोज आलं डिंकावरून! बाभळीच्या कुळातल्या झाडांचा डिंक अरबी बंदरांतून युरोपात जायचा, म्हणून तिकडे तो गम अरेबिक. त्यातून मिळालेली साखर अरेबिनोज. १८९१ साली एमिल फिशर आणि ऑस्कर पिलोटी या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अरेबिनोजपासून नवी साखर तयार केली आणि जुन्याच नावातली अक्षरं हलवून तिला रायबोज म्हटलं. बाळंतिणीसाठी आपण डिंकाचे लाडू वळतो, शेजारच्या कन्नड घरात अंटिन उंडे वळतात. त्या डिंकाचं गोत्र थेट पेशीत पोचतं.

काही इंग्रजी कोश या नावाला ‘मनमानी फेरफार’ म्हणून मोकळे होतात. मला हे अजिबात मान्य नाही. दोन्ही साखरांत कार्बन पाचच; फरक इतकाच की दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एका बाजूचा दुसऱ्या बाजूला जातो. फिशरनं प्रयोगशाळेत नेमकं तेच घडवलं होतं. रेणूत एक गट इकडचा तिकडे, नावात अक्षरं इकडची तिकडे! हे त्यानं जाणूनबुजून केलं असं माझं ठाम मत आहे. कोशकारांनी दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढून पाहिल्या असत्या तर ‘मनमानी’ लिहायला त्यांचा हात धजला नसता.

‘राजा’ अर्थानंही जुळत नाही. राजा हुकूम सोडतो, रायबोसोम हुकूम बजावतो. वडगाव-शहापूरच्या पोरांना जॅकार्डचा माग दाखवा: भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकते तशी नक्षी उतरते. इथं संदेशवाहक आरएनए, म्हणजे जनुकातला निरोप आणणारा धाग्यासारखा रेणू, सरकतो, रायबोसोम त्याची तीन-तीन अक्षरं वाचतो, ट्रान्सफर आरएनए हा दुसरा आरएनए प्रत्येक त्रिकाला जुळणारं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या माळेतला एक मणी, घेऊन येतो आणि साखळी वाढत जाते. थांबायचं त्रिक आलं की तयार साखळी, म्हणजेच प्रथिन, सुटते. अमिनो आम्लं वीस, त्रिकं चौसष्ट, त्यांतली तीन थांबण्याची.

आणि या अमिनो आम्लांची जोडणी करतं कोण? रायबोसोमच्या अंगातली प्रथिनं नव्हेत, तर त्यातला आरएनए. रायबोसोमची रचना अणू-अणूपर्यंत उलगडली तेव्हा हे स्पष्ट दिसलं. त्या कामाला २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना. त्या आरएनएच्या कण्यात हीच रायबोज साखर असते, म्हणजे नावातला डिंक फुकट आलेला नाही.

तुमचं तो की ते राहिलंच. मी ‘तो रायबोसोम’ म्हणतो, अनेकवचनी ‘ते रायबोसोम’.