वडिलांचं मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, एकदम तीन-तीन पेनकिलर इंजेक्शनं देतायत, हे सेफ आहे का?

हो, बहुतेक ठिकाणी असंच देतात आणि ते आधीच ठरवून दिलेलं असतं. मी स्पाइनच्या वॉर्डात सिस्टर आहे, एका इंजेक्शनने भागत नाही का हे नातेवाईक आम्हाला रोज विचारतात.

मानेच्या ऑपरेशननंतर दुखणं एका प्रकारचं नसतं. कापलेल्या स्नायूंचा ठणका वेगळा, सूज येते तिचं दुखणं वेगळं, आणि नस आधीपासून दबलेली असली तर हातात सणक जाते, मुंग्या येतात ते अजून वेगळं. त्यामुळे सलाईनमधून पॅरासिटामॉल, सुजेसाठी डायक्लोफेनॅक नाहीतर किटोरोलॅक, आणि जोराच्या कळेला ट्रामाडॉल किंवा फेंटानिल असं मिळून देतात. प्रत्येकाचं काम वेगळं, म्हणून ट्रामाडॉलसारखं औषध कमी लागतं आणि मग मळमळ, गुंगी, संडासला कडक होणं हेही कमी होतं. एकत्र म्हणजे एकाच सिरिंजमध्ये मिसळून नाही हं, एकेक वेगळं देतो.

सर्जन बऱ्याचदा टाके घालताना जखमेतच भूल देणारं बुपिव्हाकेन सोडतात, त्यामुळे पहिले काही तास पेशंट छान बोलतो आणि रात्री ते उतरलं की दुखायला लागतं, मग घरचे घाबरतात. मागच्या बाजूने केलेलं ऑपरेशन जास्त दुखतं कारण स्नायू सोडवावे लागतात, समोरून केलं असेल तर मान कमी दुखते पण घसा धरतो, गिळायला त्रास होतो.

डॉक्टरांना मात्र काही लपवू नका. किडनीचा त्रास, अल्सर, दमा, रक्त पातळ करायची गोळी असेल तर डायक्लोफेनॅक-किटोरोलॅक टाळावं लागू शकतं (किटोरोलॅक तसंही ५ दिवसांच्या वर देत नाहीत), आणि मणके जोडले असतील तर हाड जुळायला उशीर होऊ नये म्हणून काही सर्जन ही औषधं लवकर थांबवतात. फिट येत असेल किंवा डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ट्रामाडॉलच्या आधी सांगायलाच हवं.

आपल्याकडची वयस्कर माणसं "सहन होतंय" म्हणून गप्प पडून राहतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. पडल्या पडल्या दुखत नाही ह्याला काही अर्थ नाही, खोकताना, कुशीवर वळताना, उठून बसताना किती दुखतं ते विचारा आणि तेच सिस्टरला सांगा. दुखतंय म्हणून खोकलेच नाहीत तर छातीत कफ साठतो, चालले नाहीत तर पायात गुठळी व्हायची भीती. म्हणून इंजेक्शनं वेळेवर घेतलेली बरी, असह्य होईपर्यंत थांबू नका.

सवयीचं म्हणाल तर वॉर्डात थोडे दिवस देखरेखीखाली घेतल्याने ती शक्यता कमी असते, घरी गेल्यावर स्वतःच्या मनाने मेडिकलमधून ट्रामाडॉल आणून महिनोन्महिने खाल्लं तर ती भीती खरी आहे.

आता हे नीट वाचा. मानेला सूज वाढतेय, श्वास घ्यायला त्रास होतोय, थुंकी गिळता येत नाहीये, हातापायातली ताकद कमी झाली, लघवी अडकली, किंवा हलवून पण नीट जागे होत नाहीत आणि श्वास मंद चाललाय, यातलं काहीही दिसलं तर अजून एक पेनकिलर मागू नका, रात्रीचे दोन वाजले असले तरी लगेच सिस्टरला आणि डॉक्टरांना बोलवा. समोरून केलेल्या ऑपरेशनमध्ये आत रक्त साठून श्वासनलिका दाबली जाऊ शकते, त्यात मिनिटं महत्त्वाची असतात.

डिस्चार्ज झाल्यावर गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. डोलो, कॅलपॉल आणि अल्ट्रासेट तिन्हीत पॅरासिटामॉल आहे, सगळं मिळून दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायला नको, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, किती ते डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या.