गाडीचा दवाखाना : वायरी नीटनेटक्या केल्या आणि गाडी बिघडली

प्रश्न : बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे. ते गेल्यापासून दर रविवारी मीच ती बाहेर काढतो, घोडबंदर रोडने तलावपाळीपर्यंत आणि परत. प्लगच्या वायरी कडक पडल्या होत्या म्हणून नवा सेट आणला. जुन्या वायरी एकमेकींवरून आडव्यातिडव्या गेल्या होत्या. त्या चारही एकदम काढल्या आणि नव्या अशा लावल्या की गुंता दिसायला नको. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-4-2 हे माहीत होतं, त्याच क्रमाने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपवर लावल्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने चारही एकत्र बांधल्या. आता गाडी सुरू होते, पण बॉनेट थरथरतं, माजिवड्याचा पूल चढताना जीव जातो, कार्बोरेटरमधून फट् फट् होतं. परवा सायलेन्सरमधून असा बार निघाला की वॉचमन धावत आला. आवाज मात्र लंगडा नाही, एका ठेक्यात आहे, जुन्या बुलेटसारखा. मेकॅनिक म्हणतो कार्बोरेटर बदला. बदलू का?
– एक वाचक, पातलीपाडा

उत्तर : कार्बोरेटरला हात लावू नका. आणि पुढचं वाचून होईपर्यंत गाडीही बाहेर काढू नका.

तुम्ही शेवटी जाता जाता ठेक्याचं जे वाक्य लिहिलंत, त्यात सगळं आलं. एखादा प्लग मेला की चार सिलिंडरची गाडी लंगडते. तीन ठोके पडतात, चौथा गळतो. तुमची लंगडत नाही, म्हणजे ती चारावर नाही आणि तीनावरही नाही, सरळ दोनावर चालली आहे. तेही कुठल्याही दोनावर नाही, 1 आणि 4 वर. या इंजिनात 1 आणि 4 चे पिस्टन जोडीने वर येतात, 2 आणि 3 चे जोडीने. 1 पेटला की क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा, बरोबर एक फेरा झाल्यावर 4 पेटतो. मधले दोन गळाले तरी ठेका एकसारखाच राहतो, फक्त निम्मा होतो. म्हणून तुम्हाला बुलेट आठवली.

आता चूक कुठे झाली ते. क्रम तुमचा बरोबर आहे, दिशा उलटी आहे. कॅपच्या आत फिरून एकेका वायरीला करंट देतो तो रोटर. 1-3-4-2 हे रोटर ज्या बाजूला फिरतो त्या बाजूने मोजायचं. उलट बाजूने लावलंत तर रोटरला ते 1-2-4-3 असं भेटतं. 1 आणि 4 आपापल्या जागी राहतात, 2 आणि 3 ची अदलाबदल होते. 3 ला करंट हवा त्या क्षणी तो 2 ला मिळतो. तिथे तेव्हा एक्झॉस्ट संपून इनलेट व्हॉल्व्ह उघडायला लागलेला असतो, म्हणून जाळ उलटा कार्बोरेटरकडे येतो. तुमचं फट् फट् ते हेच. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठतं आणि तापलं की वॉचमन धावत येतो.

हे मला पुस्तकाने शिकवलेलं नाही. उथळसरला उस्तादांच्या हाताखाली लागलो त्या पहिल्याच पावसाळ्यात एका अँबेसिडरच्या वायरी मी मोठ्या अकलेने 1-2-3-4 अशा ओळीने लावल्या होत्या. एअर फिल्टर काढलेला, मी वाकून आत बघतोय आणि दुसऱ्याने स्टार्टर मारला. उजवी भुवई परत यायला दोन महिने लागले. उस्ताद रागावले नाहीत. वायरी बरोबर लावल्या, मला स्टुलावर डोळे मिटून बसवलं आणि एकेक वायर काढत विचारत राहिले, ‘आता कुठली गेली?’ संध्याकाळपर्यंत तेच. आजही बॉनेट उघडण्याआधी मी मिनिटभर नुसता ऐकतो. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हातारा झोपला.

तुम्ही असं करा. आधी ती प्लास्टिकची पट्टी कापा. 3 नंतर लगेच 4 पेटतो, 2 नंतर लगेच 1. या वायरी अंगाला अंग लावून लांबवर गेल्या तर एकीचा करंट दुसरीत उतरू शकतो. बाबांच्या वेळचा तो गुंता उगाच नव्हता. मग कॅपच्या दोन क्लिपा काढून कॅप बाजूला घ्या, कॉइलकडून कॅपच्या मध्यात येणारी वायर इंजिनाच्या लोखंडाला टेकवून ठेवा आणि कुणाला तरी अर्धा सेकंद स्टार्टर मारायला सांगा. रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते डोळ्यांनी बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, बघाच. कॅप परत बसवून 2 आणि 3 च्या वायरींची कॅपवरची जागा बदला. मोजणी रेडिएटरकडून, त्या बाजूचा सिलिंडर पहिला. टोक आत जाऊन कट् असं बसलं पाहिजे, नुसतं रबर खाली ओढून चालत नाही.

एवढ्याने भागेल. नाहीच भागलं तर पहिला सिलिंडर शोधावा लागेल. 1 चा प्लग काढून भोकावर अंगठा दाबा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकलायला लावा. हवा अंगठा उडवू लागली की क्रँकची पुली खुणेवर आणा. रोटरचं तोंड कॅपच्या ज्या खांबाकडे, तो 1 चा. नुसत्या पुलीच्या खुणेवर जाऊ नका, 4 ची पाळी असतानाही ती खूण तिथेच येते.

2 आणि 3 चे प्लग पेट्रोलने भिजून काळे झाले असतील, काढून पुसून वाळवा. ऑइल मोजायच्या डिपस्टिकचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलाच, न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरतं. आणि पुढच्या वेळी एक वायर काढायची, तिथेच नवी लावायची, मग दुसरी. मी तर दोन्ही टोकांना नेलपॉलिशचे ठिपके देतो, एकला एक, दोनला दोन.

काळ्या-पिवळ्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतून गेल्या, तेव्हापासून तिचा आवाज ओळखणारे मेकॅनिकही कमी झाले. तुमचा माणूस लबाड नसेल, त्याने फक्त ऐकलं नाही.

प्रश्न : कार्बोरेटरवाल्या मारुती 800 ला हेच लागू का?
– एक वाचक, सानपाडा

उत्तर : लागू, पण लक्षणं वेगळी. तिला तीन सिलिंडर, क्रम 1-3-2. दिशा चुकली की एकटा 1 जागेवर राहतो, आणि एका सिलिंडरवर ती बहुधा धड सुरूच होत नाही, नुसती खोकते. तुमची सुरू होऊन थरथरत असेल, तर वायरींची अदलाबदल नसावी. आधी कॅपच्या आत केसासारखी काळी रेघ पडली आहे का बघा. मग रात्री पार्किंगच्या जागेतला दिवा बंद करून इंजिन चालू ठेवा आणि हात न लावता बॉनेटखाली बघा. फाटक्या वायरीतून करंट गळत असेल तर निळी ठिणगी दिसते, पावसाळ्यात तर हमखास.