पाळी मागंपुढं होते ना? तारीख लिहून ठेव

बाई, कापूस वेचताना एकाएकी छातीतून मानेपर्यंत वाफ उठते, घाम फुटतो आणि दोन-चार मिनिटांत अंग गार पडतं, हे उन्हानं नाही. थंडीच्या वेचणीला कुठलं आलं एवढं ऊन? चाळिशीनंतर पाळी जायच्या आधीची काही वर्षं अशीच असतात. झोप मोडते, जीव चिडचिडा होतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीची खूण करत जा. सलग 12 महिने आली नाही, तेव्हाच ती गेली म्हणायची. तोवर दिवस राहू शकतात, हे ध्यानात ठेव.

रात्री सुती पातळ नेस, संध्याकाळचा चहा सोड. भाकरीसोबत तिळाची चटणी, ताक असू दे. या वयात हाडं झिजतात.

आता जीव तोडून सांगते ते ऐक. तासातासाला कपडा बदलावा लागत असेल, किंवा वर्षभर बंद राहून पुन्हा डाग दिसला, तर अंगावर काढू नको. लगेच तपासून घे, हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही बघायला सांग. कोणी पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सही करू नको. माझ्या जावेची पिशवी अडतिसाव्या वर्षी अंडाशयासकट काढली. पाळी एका दिवसात गेली, अंगाची आग मात्र कितीतरी दिवस राहिली.

नवऱ्याजवळ जाताना कोरडेपणानं दुखत असेल, तर त्यालाही मलम मिळतं. डॉक्टरीणबाईला सांगायला लाजू नको. एकटीनं जायला अवघड वाटलं तर आशाताईला सोबत ने, नाहीतर मी येते.