शेवटचा फटका आणि परतीची 40 मिनिटं

प्रश्न : आम्ही 4 वर्षांपासून स्टॉकहोमला आहोत. मुलगी 13 वर्षांची, सातवीत. नवव्या वर्षापासून गोल्फ खेळते. स्वीडनची विख्यात गोल्फपटू ॲनिका सोरेनस्टाम वाढली ते ब्रू गाव आमच्यापासून जवळच. तिच्यासारखं करिअर घडवायचं तर आतापासून शाळा बंद करून दिवसभर सराव आणि परीक्षा भारतातल्या मुक्त विद्यालयातून, असं करावं का? हँडबॉल थांबवलंच आहे. गेल्या तीन स्पर्धांत शेवटच्या होलवर हातभर अंतरावरचा पट (चेंडू होलमध्ये ढकलण्याचा हलका फटका) चुकून ती दुसरी आली. परतताना 40 मिनिटं गाडीत मी तिला एकेक होल समजावतो, पण ती कानात हेडफोन घालते. चुकांचा तक्ता सोबत जोडला आहे.

उत्तर : तक्ता पाहिला. 18 होल, प्रत्येकासमोर लाल शाईत शेरा. तुमच्या जागी मी असतो तर हेडफोनची काळजी आधी केली असती, पटची नंतर.

ॲनिकाचं उदाहरण तुम्हीच दिलंत, म्हणून तिच्या लहानपणची एक गोष्ट सांगतो. ती कमालीची लाजाळू होती. जिंकणाऱ्याला बक्षीस घेताना चार शब्द बोलावे लागत, ते टाळायला ती शेवटी मुद्दाम फटका चुकवून दुसरी यायची. प्रशिक्षकांच्या हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी दुसरी येणारीलाही बोलायला लावलं! तुमची मुलगी मुद्दाम चुकवते असं मी म्हणत नाही, आणि कृपा करून तिची उलटतपासणीही घेऊ नका. पण जवळचा पट तीनदा चुकला की मी तरी मनगटाकडे पाहत बसणार नाही. जिंकल्यावर काय वाट्याला येतं आणि हरल्यावर काय, ते आधी पाहीन. तुमच्या घरी दोन्ही वेळा तीच 40 मिनिटं वाट्याला येतात.

पावसाची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. सरावाच्या वेळी पाऊस आला, ॲनिकाने घरी फोन केला, वडील न्यायला आले. निघताना बाकीची मुलं भिजत खेळताना दिसली, तेव्हा यशाला आडवाट नसते एवढंच ते म्हणाले. ही गोष्ट पालक कडक शिस्तीचा दाखला म्हणून सांगतात. मला त्यात दिसतं ते हे, की मुलीने बोलावल्यावर बाप गाडी घेऊन आला आणि एक वाक्य बोलून थांबला.

आता तुमचा खरा गैरसमज. लहानपणापासून फक्त गोल्फ, बाकी सगळं बंद, अशाने ॲनिका घडली असं तुम्ही धरून चाललात. ती आधी टेनिस खेळायची, स्कीइंगही उत्तम करायची. गोल्फ हातात घेतलं बाराव्या वर्षी, तेही धाकट्या शार्लोटाबरोबर एकच संच वाटून : विषम क्रमांकाच्या काठ्या हिच्या, सम तिच्या. पुढे ॲनिका ॲरिझोना विद्यापीठात शिकली, 1991 मध्ये तिथूनच अमेरिकेतली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. 1992 मध्ये व्यावसायिक झाली, तेव्हा एलपीजीए या अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याची पात्रता, एका फटक्याने हुकलं, म्हणून आधी युरोपात खेळली. अमेरिकेतल्या टूरवरचा पहिला विजय थेट 1995 च्या महिलांच्या अमेरिकन ओपनमध्ये. 2008 मध्ये थांबली तेव्हा नावावर 72 एलपीजीए विजेतेपदं, त्यांत 10 मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा. तुमची मुलगी तर तिच्याहून 3 वर्षं आधी सुरू झाली आहे. मग घाई कुणाची? आणि आजचा स्वीडिश गोल्फपटू लुडविग ओबेरिही टेक्सास टेकमध्ये शिकूनच 2023 मध्ये व्यावसायिक झाला.

शाळा बंद करण्याचा प्रश्नच येत नाही. स्वीडनमध्ये नववीपर्यंत शाळा सक्तीची आहे, घरी शिकवण्याची मुभा अगदी अपवादाने मिळते. नववीनंतर खेळ आणि शिक्षण एकत्र चालवणारी जिम्नॅसियम (उच्च माध्यमिक शाळा) आहेत, त्यांची चौकशी आठवीत करा. अमेरिकेत खेळाडू म्हणून प्रवेश हवा तर नववी ते बारावीचे विषय आणि गुणही तपासतात.

हँडबॉल याच आठवड्यात परत सुरू करा. हिवाळ्यात तिकडची मैदानं बर्फाखाली असतात, ती काय गालिच्यावर पट मारत बसणार? पुढच्या स्पर्धेला गाडी तिच्या आईला चालवू द्या, तुम्ही घरी थांबा. नोव्हेंबरात मैदानं बंद झाली की मला पुन्हा लिहा. तक्ता नको. तिला वाटलं तर दोन ओळी तिच्या हातच्या असू द्या.