अभयारण्यात स्वयंसेवकांना निसर्गवाट तयार करता येते का? त्यासाठी काय करावे लागते?

कर्नाळा पक्षी अभयारण्यासारख्या ठिकाणी आपल्या गटाला श्रमदानाने निसर्गवाट तयार करायची आहे, असे आपण लिहिले आहे. तसे करता येते, मात्र वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय कुदळ उचलू नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार, मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवान्यावाचून अभयारण्यातील अधिवासाला हानी पोहोचवण्यास किंवा पाण्याचा प्रवाह वळवण्यास मनाई आहे, आणि वाट काढताना या दोन्ही गोष्टी नकळत घडतात. त्यामुळे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांशी आधी बोलावे. आखणी विभागाने करावी आणि आपण मनुष्यबळ पुरवावे, हेच सोयीचे पडते.

अशा श्रमदानात मी भाग घेतला आहे, त्यावरून सांगतो की नवी वाट काढण्याची गरज क्वचितच असते. कर्नाळ्यात हरियाल आणि मोरटाका या वाटा आहेतच. इतरत्रही गुरांच्या, गावकऱ्यांच्या जुन्या पायवाटा सापडतात. त्या दुरुस्त करणे हेच खरे काम, आणि त्यात मुख्य गाठ पडते ती पाण्याशी. कोकणच्या पावसात डोंगरउतारावरून सरळ खाली उतरणारी वाट म्हणजे आयता ओहोळ. माती वाहून जाते, मुळे उघडी पडतात आणि लोक कडेने चालू लागल्याने वाट रुंदावत जाते. म्हणून वाट उताराला आडवी न्यावी, तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा आणि दरीकडची कड किंचित खाली असू द्यावी, म्हणजे पाणी वाटेवरून न वाहता तिला ओलांडून जाते. चढाच्या जागी दगडांची तिरकी ओळ रोवताना दगडाचा बराचसा भाग जमिनीत गाडलेला असावा. नुसते मांडून ठेवलेले दगड पहिल्याच जोरदार पावसात घरंगळतात.

ओढ्याकाठची मातीची उभी दरड कापून वाट सोपी करण्याचा मोह होतो, तो टाळावा. तिबोटी खंड्या हा चिमुकला पक्षी पावसाळ्यात अशाच दरडीत बीळ खोदून अंडी घालतो. कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, कारण पाऊस संपलेला असतो आणि बहुतेक स्थानिक पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू व्हायचा असतो.

फलकांबाबत एवढेच, की ते झाडांना खिळ्यांनी ठोकू नयेत आणि कातळावर ऑइलपेंटने बाण रंगवू नयेत (हा उत्साह जागोजागी दिसतो, म्हणून मुद्दाम सांगतो). झाडांची नावे लिहिण्यापूर्वी आसपासच्या ठाकर आणि कातकरी पाड्यांतील जाणत्यांना विचारावे आणि शक्य असल्यास त्यांनाच पुढे वाटाडे म्हणून काम मिळावे, असा आग्रह विभागाकडे धरावा. परवानगीच्या अर्जातच दरवर्षी पावसाळ्यानंतर होणाऱ्या डागडुजीची जबाबदारी कोणाची, हेही नमूद करून घ्यावे.