'नामशेष' आणि मूळचा पेंग्विन

'मूळचा पेंग्विन १८४४ मध्ये नामशेष झाला' असे वाक्य वाचनात आले, पण पेंग्विन तर राणीच्या बागेत पाहिले. मग 'नामशेष' शब्द इथे चुकला का, असा प्रश्न आहे.

शब्द चुकलेला नाही. 'नामशेष' हा बहुव्रीही समास: नाव तेवढे शेष आहे ज्याचे, तो. 'नष्ट' म्हटले की नुसते संपणे येते; 'नामशेष' म्हटले की मागे राहिलेल्यांच्या तोंडी ते नाव अजून आहे, हेही येते. घोळ आहे तो या पक्ष्याच्या नावाचा.

उत्तर अटलांटिकमधल्या खडकाळ बेटांवर ग्रेट ऑक नावाचा पक्षी वीण घालायचा. पाठ काळी, पोट पांढरे, उंची सुमारे पाऊण मीटर, पंख इतके आखूड की उडणे नाहीच. सोळाव्या शतकातले खलाशी यालाच पेंग्विन म्हणत. वेल्श भाषेत 'पेन' म्हणजे डोके किंवा भूशिर आणि 'ग्विन' म्हणजे पांढरे. लॅटिन 'पिंग्विस' म्हणजे लठ्ठ, अशीही व्युत्पत्ती सांगतात. पक्ष्याचे डोके काळे, फक्त डोळ्यांपुढे पांढरा ठिपका. म्हणून मला भूशिराचा अर्थ अधिक पटतो. पुढे दक्षिण गोलार्धात खलाशांना तसेच दिसणारे पक्षी भेटले आणि हेच नाव त्यांना चिकटले. दोघांचे जवळचे नाते मुळीच नाही.

मूळ धन्याचे हाल मात्र वाचवत नाहीत. न्यूफाउंडलंडजवळच्या फंक बेटावर आधी मांस आणि अंडी, मग गाद्या-उशांसाठी पिसे, असा संहार चालला. बेटावर झाड नाही, तर सरपण म्हणून याच पक्ष्यांची चरबी जाळली. मादी वर्षाला एकच अंडे घाली, तेही उघड्या कातळावर. ही तूट भरून येणार कशी? आइसलँडजवळचा त्यांचा एक खडक १८३० मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात बुडाला, तेव्हा उरलेले एल्डी बेटावर गेले. पक्षी दुर्मिळ झाला तशी संग्राहकांनी किंमत वाढवली. जून १८४४ मध्ये एल्डीवरची जोडी मारली गेली, अंडेही फुटले.

म्हणून लिहिताना 'ग्रेट ऑक नामशेष झाला' असे लिहावे, म्हणजे गोंधळ होणार नाही. फ्रेंचमध्ये दक्षिणेकडच्या पक्ष्यांना 'मांशो' हा वेगळा शब्द आहे; 'पँग्वँ' म्हणजे आजही ऑक कुळातलेच पक्षी. आणि ग्रेट ऑकचे शास्त्रीय नाव आहे पिंग्विनस इम्पेनिस.